व्याह्यांचा बॅकहँड

४ जानेवारी, रविवार. रेडीहून परत आल्यावर.

चारुतासाठी स्थळ बघून आलो. 'बघून' म्हणजे औपचारिकच. चारुता आणि स्वरूप कणकवलीला एकाच कॉलेजात शिकवतात, त्यांचं आधीच ठरलेलं आहे. आम्हाला फक्त कळवण्यात आलं. तरी मुलीच्या बापाने पद्धतशीर चौकशी करायला हवी. सगळी नोकरी मालवणच्या तहसील कचेरीत गेली. मुद्दे न मांडता बैठकीतून उठणं मला जमत नाही.

मुद्दा एक: घराचा सातबारा बघायला मिळेल का. मुद्दा दोन: मुलाचे वडील विश्रामराव बोटीवर इंजिनियर होते, ते मुदतीआधीच घरी का आले. चारुता पाणी प्यायला आत गेली ती परत आलीच नाही. कावेरीने माझ्या पायावर पाय ठेवला. मागच्या स्थळाच्या वेळीही ठेवला होता. त्या लोकांनी नंतर फोन उचलले नाहीत. त्या बाजूला रेंज नसते.

मी मुद्दा तीन काढणार, तोच मुलाची आई कृष्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पावण्यांका जरा भायर नेवन टेबल दाखवा."

मला वाटलं, शिसवी टेबल असेल. पडवीत चक्क टेबल टेनिसचं टेबल. मी लगेच नम्रपणे सांगितलं की महसूल खात्याच्या क्रीडा स्पर्धेत मी जिल्ह्यात रनर-अप होतो. एन्ट्री तीनच होत्या हे सांगायचं कारण नव्हतं.

हरलो. पाच गेमपर्यंत नेलं आणि हरलो. पण त्या माणसाची स्टाईल कुठल्याही नियमात बसत नाही. सरळ उभे राहतच नाहीत. डावीकडे झुलतात, उजवीकडे झुलतात, आणि बॉल येतो तेव्हा भलतीकडेच असतात. विचारलं तर म्हणाले, "मी बोटीर शिकलंय. थंय टेबल हलता, मगे माणसान पण हलूक व्हया."

शेवटच्या गेमला नऊ-नऊ असताना कावेरी पडवीत येऊन म्हणाली, चला, निघू या. लगेच दोन पॉइंट गेले. बायकांना वेळेचं भान नसतं.

५ जानेवारी

विश्लेषण.
१. पडवीचा खांब टेबलाच्या कोपऱ्याला लागून आहे. त्यांना सवय आहे, मला नाही.
२. जेवण जड झालं होतं. मोरी माशाचं मटण. हा डाव असू शकतो.
३. दोन वर्षं बॅट हातात नव्हती. (सहा.)

निष्कर्ष: मी खरं तर जिंकलोच होतो. उद्यापासून पहाटे पाचला उठून दोरीवरच्या उड्या.

६ जानेवारी

दोरी सापडली नाही.

१० जानेवारी

कावेरी म्हणाली, उद्या परत रेडीला जायचंय, थोडी बोलणी राहिली आहेत. मी म्हणालो, मुद्दे तीन ते सहा माझ्याकडे तयार आहेत. तर म्हणाली, "ते राहू दे. बॅट घ्या."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला माझ्या खेळाची किंमत कळली.

११ जानेवारी, रविवार

परत पाच गेम. परत शेवटच्या गेमला हरलो. पण आज एक गंभीर गोष्ट उघडकीला आणली. विश्रामरावांच्या बॅटला एका बाजूला रबरच नाही, नुसतं लाकूड. दुसऱ्या बाजूला आहे ते इंजिनाचं गॅस्केट. स्वतः कापून चिकटवलेलं. त्यावरून बॉल येतो तो मेल्यासारखा येतो आणि टेबलावर पडला की उलटा जातो. मी तोंडी हरकत नोंदवली. ते म्हणाले, "ह्या गॅस्केटान तीन बोटी बघल्यानी." यावर नियमात उत्तर नाही.

मॅच चालू असताना आत साखरपुड्याची तारीख ठरली. पंचवीस. मला परतीच्या वाटेवर वेंगुर्ल्याला सांगण्यात आलं. मी म्हणालो, मंजुरीच्या अधीन राहून ठीक आहे. मागच्या सीटवर कोणीतरी हसलं. चारुता असावी.

१३ जानेवारी

कणकवलीचा निलेश भेटला. शाळेत पी.टी. शिकवतो, राज्य पातळीवर खेळलेला आहे. त्याच्यापुढे समस्या ठेवली. त्याने विचारलं, समोरचा डोलतो, गॅस्केटने खेळतो, तरी दर वेळी मॅच पाचव्या गेमला आणि नऊ-नऊलाच कशी जाते? मी म्हणालो, कारण मी तोडीस तोड आहे.

मग त्याने सल्ला दिला: अशा माणसाकडे बघायचंच नाही, फक्त बॉलकडे बघायचं. साधा, हळू, मधोमध खेळ. स्पिनला स्पिन देऊ नको.

निलेश चांगला आहे, पण अनुभव कमी. माझं मत वेगळं आहे. समोरच्याची स्टाईल मोडायची तर ती आधी आपल्या अंगात यायला हवी.

२५ जानेवारी. साखरपुडा.

छान झाला. चारुता सुंदर दिसत होती. अंगठी घालताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याच वेळी मी मनात विश्रामरावांचा फोरहँड बघत होतो, पण तिला ते कळण्याचं कारण नाही.

भटजी गेल्यावर मी देण्याघेण्याचा विषय काढला. म्हणजे देणं नको, घेणं नको, पण तसं कागदावर असावं, एवढंच. कृष्णाबाईंनी आत हाक मारली, "गुणाजी भावोजी, व्याह्यांबरोबर जरा खेळतास काय?"

गुणाजी हे विश्रामरावांचे धाकटे भाऊ. मच्छीमारीचा ट्रॉलर आहे. डावखुरे. आता डावखुऱ्याशी कसं खेळायचं हे मला माहीत आहे, पण हा माणूस तंबाखू मळत मळत सर्व्हिस करतो. उजव्या तळव्यावर तंबाखू, तिथेच बॉल, वरून गोष्ट चालू. "तर काय झाला, त्या वर्षी आमी पाण्यात रवलंव तीन दिवस, आणि जाळ्यात..." जाळ्यात काय, हे ऐकायला मी मान वर केली, तर बॉल माझ्या मागे. दुसरी सर्व्हिस "पोलीस इले" या शब्दावर. तिसरी वेळ आली तेव्हा मी गोष्टीकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. पण पोलीस का आले हे कळायला हवं ना.

हरलो. पोलीस का आले ते अजून कळलेलं नाही.

३० जानेवारी

गुणाजींवर उपाय सापडला. कापूस.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही कानांत कापूस घालून खेळलो. उत्कृष्ट परिणाम. पहिला गेम जिंकलो. गुणाजींचे ओठ हलत होते, मी फक्त बॉल बघत होतो. निलेश म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे.

दुसऱ्या गेमला स्कोअर ऐकू येईना, त्यामुळे वाद. मध्येच कावेरी आणि कृष्णाबाई पडवीत आल्या, माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मला वाटलं, चहा. मी मान डोलावली. दोघी समाधानाने आत गेल्या. चहा आला नाही.

गाडीत कळलं की मी कुडाळच्या हॉलला संमती दिली आहे. मालवणचा हॉल हा माझा मुद्दा चार होता. कावेरी म्हणाली, "तुम्हीच हो म्हणालात, सगळ्यांच्या समोर." साक्षीदार असल्यामुळे काही करता येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज विश्रामरावांची कंबर धरली होती आणि गुणाजी समुद्रात. म्हटलं, आज निवांत बसून केटररचा विषय हातात घेऊ. बसतो न बसतो तोच कृष्णाबाईंनी पदर खोचला आणि बॅट उचलली. "चला, माका पण येता थोडा थोडा."

विहीणबाईंची स्टाईल मला लिहून काढायला शब्द नाहीत. बॉलकडे बघत नाहीत. टेबलाच्या अगदी पोटाशी उभ्या राहतात, बॅट दोन्ही हातांत सुपासारखी धरतात आणि बॉल पाखडतात. प्रत्येक बॉल नेटवरून जेमतेम पलीकडे पडतो. कितीही जोरात मारा, परत येतो. मध्येच स्वयंपाकघरात सांगतात, "गो चारुता, सोलकढीत मीठ घाल." आणि बॉल परत आलेला असतो. माझी मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात कधीपासून सोलकढी करायला लागली, हा विचार करेपर्यंत तोही पॉइंट गेला.

अशा खेळाडूच्या अंगावर खेळायचं असतं, हा जगभरचा नियम आहे. मी एक स्मॅश अंगावर मारला.

कपाळावर लागला. कुंकवाच्या बरोबर वर.

मग त्याच हसल्या आणि म्हणाल्या, "लागूक नाय माका. पॉइंट कोणाचो?" पॉइंट माझा होता, पण मी सोडून दिला.

केटरर ठरला आहे. आत, विश्रामराव आणि कावेरीने मिळून. कंबर धरलेला माणूस अर्धा तास हसत होता म्हणे. कावेरी वेंगुर्ल्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

२२ फेब्रुवारी

निर्णय घेतला आहे. लग्नाच्या तारखेला मी संमती देणार नाही, जोपर्यंत विश्रामरावांना एकदा, फक्त एकदा, स्वच्छ हरवत नाही. हा अहंकार नाही. हरलेल्या बापाची मुलगी म्हणून चारुताने त्या घरात जाऊ नये, एवढंच. जेवताना जाहीर केलं.

कावेरीने ताट उचललं आणि आत गेली. ताट माझं होतं.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस चारुताचा फोन नाही. कॉलेजात परीक्षा असतील. परीक्षा एप्रिलमध्ये असतात.

२५ फेब्रुवारी

चारुताचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, बाबा, अधिक महिना लागायच्या आत लग्न व्हायला हवं, नाहीतर पाऊस संपेपर्यंत थांबावं लागेल. मी म्हणालो, मी प्रयत्न करतोय. ती म्हणाली, कसला प्रयत्न? मी म्हणालो, बॅकहँडचा.

मग म्हणाली, "बाबा, तुमी खेळा. शांतपणे खेळा. बाकीचा आमी बघतो."

पाठिंबा आहे तिचा. डोळे भरून आले. तिला लहानपणी जिमखान्यात घेऊन जायचो तेव्हा ती टेबलाखाली बसून बॉल गोळा करायची. तिला कधी बॅट दिली होती का, आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. देवबाग.

गेले आठ दिवस जे सुचत नव्हतं ते काल आंघोळ करताना सुचलं. विश्रामराव बोटीवर शिकले. तर मीही बोटीवर शिकायला हवं.

देवबागला लवू आहे, पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवतो. त्याचं कचेरीत एकदा काम केलं होतं. त्याने विचारलं, डॉल्फिन बघायचे की संगम? मी म्हणालो, उभं राहून बॅकहँड मारायचाय. त्याला वाटलं, मी पर्यटन खात्याकडून आलोय.

खाडीच्या मुखाशी बोट थांबवली. मी मधोमध उभा. लवू समोरून बॉल टाकणार, मी मारणार. पहिला बॉल खाडीत. दुसरा समुद्रात. इतके जवळ आहेत दोन्ही. तिसरा लागला, अगदी मधोमध लागला, आणि मला शरीराच्या आत काहीतरी उलगडल्यासारखं वाटलं. ते सकाळचे घावणे होते.

बाजूच्या बोटीतले पर्यटक डॉल्फिन सोडून माझे फोटो काढत होते. लवू म्हणाला, "भाऊ, बसा खाली. बॅट सोडा आणि काठ धरा." मी बसलो नाही. ओकारी थांबली की बॉल टाक म्हणालो. असे तीन तास काढले.

आणि शेवटी शेवटी जमलं. पाय आपोआप हलायला लागले. लाट डावीकडे तर मी उजवीकडे. किनाऱ्यावर उतरलो तरी वाळू हलत होती. घरी आलो, जिना हलत होता. उत्तम.

८ मार्च, रविवार. रेडी.

सविस्तर लिहितो, कारण हा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

आज सगळे पडवीत जमले होते. आत कोणी नाही. कृष्णाबाई, कावेरी, गुणाजी, चारुता, स्वरूप, सगळे भिंतीला टेकून. याआधी असं कधी झालं नव्हतं, आत नेहमी काहीतरी चालू असायचं. मी कारण विचारलं तर विश्रामराव म्हणाले, "आज काय काम नाय. आज फक्त खेळ."

मॅच सुरू झाली. ते झुलले, मीही झुललो. ते डावीकडे, मी डावीकडे. स्वरूपने मोबाइल काढला आणि मग का कोण जाणे तोंड फिरवून खोकायला लागला. गुणाजींची तंबाखू खाली सांडली. पण माझं लक्ष नव्हतं. समोरचं टेबल, खांब, विश्रामराव, सगळं एका लाटेवर होतं. गॅस्केटवरून बॉल उलटा आला, मी आधीच उलटा झालो होतो.

दोन-दोन. पाचवा गेम. नऊ-नऊ. दर वेळी इथेच घात व्हायचा. मी कावेरीकडे पाहिलं. ती निघू या म्हणाली नाही. विश्रामरावांनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. कृष्णाबाईंनी पदराने घाम पुसला, मान जराशी खाली केली. ताण त्यांच्यावरही असणार.

विश्रामरावांचा बॉल नेटमध्ये. दहा-नऊ. पुढचा बॉल टेबलाबाहेर, चांगला हातभर बाहेर. अकरा-नऊ.

जिंकलो.

विश्रामराव बॅट खाली ठेवून मला मिठी मारायला आले. मी झुलत असल्यामुळे पहिली मिठी चुकली. गुणाजी म्हणाले, "आमच्या भावाक आजपर्यंत कोणी हरवूक नाय." चारुता माझ्याजवळ आली, हात धरला आणि रडायला लागली. मुलीचं प्रेम.

मग मी विजेत्याला शोभेल अशा उदारपणे सांगितलं, तारीख तुम्ही म्हणाल ती. कृष्णाबाई आत गेल्या आणि लग्नपत्रिका घेऊन आल्या. छापलेल्या. २६ एप्रिल, रविवार, कुडाळ. आमच्या नातेवाइकांची नावंसुद्धा बरोबर होती. प्रिंटरचा वेग वाखाणण्यासारखा आहे.

२६ एप्रिल

लग्न झालं. जेवण उत्तम. हॉल उत्तम. मालवणच्या हॉलपेक्षा पार्किंग जास्त आहे, हे मान्य करावं लागेल.

माझा एकही मुद्दा कोणी विचारला नाही. विचारायला वेळ कुठे होता.

पाठवणीच्या वेळी ठरवलं होतं की रडायचं नाही. होमाचा धूर फार होता. तो सकाळी होता, पण काही धूर उशिरा लागतो.

२९ एप्रिल

घर शांत आहे. कावेरीने चारुताच्या खोलीतला पंखा चालू ठेवलाय. मी बंद केला. मग परत लावला.

१० मे, रविवार. रेडी.

सुट्टीसाठी चारुता सासरी आहे. आंबे घेऊन गेलो. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आंबे होते.

जेवल्यावर मी म्हणालो, व्याही, एक मॅच होऊन जाऊ दे. माझ्याकडे आता टायटल होतं, ते राखणं माझं कर्तव्य होतं. विश्रामराव म्हणाले, राहू द्या, उकाडा आहे. मी ऐकलं नाही.

ते टेबलासमोर उभे राहिले. सरळ. एका जागी. झुलले नाहीत. बॅट उलटी केली, लाकडी बाजू पुढे घेतली, आणि मारायला सुरुवात केली.

अकरा-एक. अकरा-दोन. अकरा-शून्य.

चुलीवरचा चहा अजून उकळायचा होता. मी म्हणालो, आज तुम्ही झुलला नाहीत. ते टॉवेलने मान पुसत पुसत म्हणाले, "आता बोलूचा काय रवला नाय मा, व्याह्यांनू. बायलेन सांगलेला, पावण्यांका टेबलार गुतवन ठेवा, नायतर ह्या लग्न होवचा नाय. येक येक मॅच पाच गेम खेचूची म्हणजे काय गंमत आसा? माजी कंबर गेली." आणि माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्याने हसले. वाईट हेतूने नाही.

मीही हसलो. बोटीवरच्या माणसांना गोष्टी रचून सांगायची सवय असते. शिवाय आज उकाडा होता, आणि मी जेवलो होतो.

कावेरीकडे पाहिलं. ती आंब्यांच्या पेटीत काहीतरी शोधत होती.

विश्रामराव चहा घ्यायला आत गेले. मी पडवीत बसून राहिलो. थोड्या वेळाने चारुता बाहेर आली. माझ्या शेजारी बसली. मग उठली, सासऱ्यांची बॅट उचलली आणि टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "येतास, बाबा?"

तिला खेळता येत नाही. बॅट कशी धरायची ते मी सांगितलं. तिने साधी सर्व्हिस केली. स्पिन नाही, वेग नाही, गोष्ट नाही. बॉल हळूच टप्पा घेऊन मधोमध माझ्याकडे आला. मी डावीकडे गेलो होतो.

दुसरा तसाच. मी उजवीकडे.

तिसरा अगदी माझ्या बॅटसमोर पडला आणि बाजूने निघून गेला. ती खाली वाकली, बॉल उचलला, टेबलावर दोन हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर हसू होतं, पण हसत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी जरा सरळ उबे रवा."

मी सरळच उभा होतो.